थोरला, धाकटा आणि नागवेकर काका

नागवेकर काकांनी काढलेल्या फोटोत सगळ्या माणसांचे गाल फुगलेले असतात. काका छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढत होते. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी हातात कॅमेरा आला की तोंडातून तेच निघतं. "सरळ उभे राहा. हलू नका. श्वास घ्या… रोखा!" मग ते निवांतपणे फोकस बघत बसतात. "सोडा" म्हणायचं बहुतेक वेळा विसरतात. एकदा आमच्या आळीतल्या गणपतीत त्यांनी बावीस जणांचा ग्रुप फोटो घेतला, तेव्हा पाध्यांच्या विहीणबाई मटकन खालीच बसल्या. तो फोटोही आहे. त्यात एकवीस गाल फुगलेली माणसं आणि एक रिकामी जागा आहे.

काका आमचे शेजारी. दोन अंगणांच्या मध्ये चिऱ्याचा कमरेएवढा गडगा, एवढंच काय ते अंतर. मी शाळेत गणित शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. त्यांना मूलबाळ नाही. घरात काका आणि सुमनकाकी. काकींना जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही. मंडणगडाकडच्या एका डोंगरातल्या गावात त्या वाढल्या, शाळेचं तोंड पाहिलं नाही. हातांनी खुणा करून बोलतात, आणि त्या खुणा फक्त काकांना कळतात. आम्ही काकींशी बोलायचो ते काकांमार्फतच. काकी भराभर हात हलवायच्या, काका म्हणायचे, "विचारत्येय, जेवलात काय?" आम्ही "हो" म्हणायचो. नऊ वर्षांच्या शेजारात आमचं आणि काकींचं संभाषण ह्याच्या फारसं पुढे गेलं नव्हतं.

काकांचा एक राग मला पहिल्यापासून माहीत होता, तो सोनोग्राफीवरचा. दवाखान्यात त्यांच्या शेजारच्याच खोलीत सोनोग्राफीचं मशीन आलं आणि गर्दी तिकडे वळली, हे त्यांनी कधीच माफ केलं नाही. "हलणारा चित्र म्हणजे नुसता संशय, मास्तर. इकडे काय तरी वळवळला, तिकडे काय तरी लुकलुकला. हाड कसा, एकदा काय ते सांगून मोकळा होता." ह्याच न्यायाने लग्नात व्हिडिओवाला दिसला की ते मान फिरवत.

त्यामुळे गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी मला गडग्याशी बोलावून सांगितलं, तेव्हा मी चकितच झालो.

"मास्तर, कॅमेरा घेतोय. फोटो आणि व्हिडिओ, दोन्ही."

पालीच्या एका स्टुडिओवाल्याने नवीन, आरसा नसलेले कॅमेरे घेतले होते आणि जुने दोन डीएसएलआर काढून टाकायचे होते. काकांनी त्याला गाठून दोन्ही बॉड्या आठ दिवसांच्या बोलीवर घरी आणल्या. एक ठेवायची, एक परत. टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी मांडून त्यांनी त्यांचं बारसंही केलं होतं. जड, धातूच्या अंगाचा तो थोरला. हलका, प्लॅस्टिकचा, मागचा पडदा दाराच्या फळीसारखा बाहेर उघडणारा तो धाकटा.

मग तपासणी सुरू झाली. काकांनी दवाखान्याच्या रिपोर्टसारखेच कागद केले होते. 'रुग्णाचे नाव: थोरला. वय: अंदाजे नऊ. तक्रार: काही नाही. निरीक्षण: शटर निरोगी.' गडग्याचा तोच चिरा दोन्ही कॅमेऱ्यांनी सकाळी, दुपारी, संध्याकाळी टिपला. चिऱ्याची भोकं मोजायला मला बसवलं. मग आमची कोंबडी पळवली, कारण पळत्या जिवावर कोण पटकन फोकस धरतो ते बघायचं होतं. कोंबडी तीन दिवस अंडं द्यायची थांबली. माझी बायको वैशाली म्हणाली, "तिलासुद्धा श्वास रोखायला सांगितला असेल."

फोटोत थोरल्याने धाकट्याला पार लोळवलं. त्यातून बघायची खिडकी मोठी आणि लख्ख, पकड घट्ट, बटण दाबताच 'खटाक' असा भारदस्त आवाज. कोंबडीचं मागे राहिलेलं पीससुद्धा त्याने हवेत धरलं. काका तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकत. एकदा तर डोळे मिटून ऐकताना दिसले. "आमच्या जुन्या मशीनचा आवाज हा," ते म्हणाले. निकाल लागल्यातच जमा होता.

पाचव्या दिवशी व्हिडिओची तपासणी लागली. ओटीवर काकी पाटावर बसल्या, काका बाजूला. काकी हात हलवत होत्या, काका शेजारून काहीबाही बोलत होते, आणि मी कॅमेरा धरून उभा. थोरल्याचं पितळ तिथे उघडं पडलं. काकींचा हात पुढे आला की त्याचा फोकस हरवायचा. भिंतीवर जायचा, परत यायचा, आणि ह्या शोधाशोधीत भिंगाची किरकिर आवाजात उतरायची. धाकटा मात्र शहाण्या मुलासारखा हात जातील तिकडे जात होता. त्याला बाहेरचा माईक जोडायची सोय होती, आणि पडदा वळवला की समोर बसलेल्याला स्वतःचं चित्र दिसायचं. काकी त्यात स्वतःला बघून आधी लाजल्या, मग पदर नीट केला.

"पण व्हिडिओच करायचा तर फोन आहे की," मी म्हटलं.

"फोनवर करून बघितला. ओटीवर उजेड कमी. हात दिसतात, बोटा दिसत नायत. सगळी फरपटल्यासारखी होतात." काकांनी शटरचा आकडा वाढवला, पुन्हा चित्रण घेतलं आणि टीव्हीला जोडून दाखवलं. "आता बगा. करंगळी वेगळी दिसत्येय ना?"

दिसत होती. करंगळीत एवढं काय आहे, ते मला कळेना.

आठव्या दिवशी मी गेलो तेव्हा काका थोरल्याला मऊ फडक्याने पुसत होते. मला वाटलं, आता हा इथलाच झाला. पण त्यांनी त्याला पिशवीत घातलं आणि पिशवीची चेन लावली.

"परत?" मी विचारलं. "अहो, जीव आहे तुमचा त्याच्यावर!"

"आहे ना." त्यांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "मास्तर, मी एसटीतून पडलो होतो तो दिवस आठवतो?"

न आठवायला काय झालं? दोन वर्षांपूर्वी पालीला एसटीतून उतरताना काकांचा पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, आणि लोकांनी त्यांना थेट कोल्हापूरला हलवलं. फोन फुटला होता. आम्हाला निरोप आला तो तिसऱ्याच माणसाकडून. काकींना कसं सांगायचं? मी पाय धरून खाली पडून दाखवलं. काकी पांढऱ्याफटक पडल्या. मग त्यांनी छातीवर तळहात दाबला आणि आमच्याकडे बघत राहिल्या. पुन्हा दाबला. रात्रभर, सकाळी, तेच. त्यांच्या छातीत दुखतंय असं समजून आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं, कार्डिओग्राम काढला. काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काका व्हिडिओ कॉलवर दिसले तेव्हा कुठे त्यांचा हात खाली आला.

"छातीवर हात म्हणजे मी," काका म्हणाले. "लग्न झाल्यावर तिला दवाखाना दाखवायला नेली, तेव्हा मी एका पेशंटच्या छातीला प्लेट लावत होतो. तेव्हापासून माझा नाव ता. ती तुम्हाला विचारत होती, 'हे कुठं आहेत? आहेत ना?' दीड दिवस विचारत होती."

मी नाकावरचा चष्मा वर ढकलला.

"तुमचा दोष नाय हो. तुम्ही तिला कार्डिओग्रामला नेलीत, आणखी कोण नेतो? चूक माझी. एवढी वर्षा मीच मध्ये उभा राहिलो, दुसऱ्या कोणाला शिकवला नाय." त्यांनी धाकट्याच्या माईकची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. "आता बासष्ट झाली… नाय, त्रेसष्ट. मी गेलो तर तिचा बोलणा माझ्याबरोबर जाणार. फोटोत ता राहत नाय, मास्तर. फोटोत ती मुकीच दिसते."

त्यानंतर चार महिने रोज दुपारी ओटीवर शूटिंग चाललं. काकी खूण करायच्या, काका माईकवर अर्थ सांगायचे, मग काकी तीच खूण सावकाश पुन्हा करायच्या. पालथ्या हातावर दोन बोटं ओढली की बांगडा. लुळं बोट हलवलं की बोंबील. कपाळावर तीन बोटांचे पट्टे म्हणजे सोमवार. करंगळी वाकडी केली तर 'उद्या', सरळ ठेवली तर 'काल'. करंगळीचं महत्त्व मला तेव्हा समजलं. आळीतल्या प्रत्येकालाही एक खूण होती. माझी खूण म्हणजे नाकावरचा चष्मा वर ढकलायचा आणि तोंड उघडं ठेवायचं. नऊ वर्षं ह्या नावाने मी त्या घरात ओळखला जात होतो. वैशालीने ते चित्रण तीनदा मागे घेऊन पाहिलं.

काकांनी सगळं एका पेनड्राइव्हवर घालून आम्हाला दिलं. मी गणिताचा माणूस, सूत्रासारख्या खुणा पाठ करायला गेलो आणि अडखळत राहिलो. एकदा 'पाणी हवं का' विचारायच्या ऐवजी 'म्हैस हवी का' विचारलं. वैशाली मात्र स्वयंपाक करता करता शिकली. पावसाळा उजाडला तेव्हा ती काकींशी सरळ बोलू लागली होती.

परवाची गोष्ट. दुपारी गडग्याच्या अलीकडे वैशाली, पलीकडे काकी. काकींचे हात मी पूर्वी कधी न पाहिलेल्या वेगाने चालले होते. दर दोन खुणांनंतर छातीवर तळहात येत होता, म्हणजे विषय काकांचाच होता. मग त्यांनी कुणीतरी घोरत असल्याचं दाखवलं, कुणीतरी एकच वस्तू फडक्याने दहादा पुसत असल्याचं दाखवलं, आणि पुढचं मला कळलं नाही. वैशाली हसून हसून गडग्यावर वाकली. तेवढ्यात काका बाजारातून आले, हातात माशांची पिशवी.

"काय म्हणत्येय ती?" त्यांनी विचारलं.

"ते आमचं आमच्यात," वैशाली म्हणाली.

काकांनी काकींकडे पाहिलं. काकींनी दोन्ही हात पदराखाली लपवले आणि आकाशाकडे बघू लागल्या.

काका माझ्याजवळ पायरीवर येऊन बसले. "मास्तर, लग्नाला एकेचाळीस वर्षा झाली," ते हळूच म्हणाले. "तिला माझी कागाळी करायची असली, तरी ती मलाच सांगायला लागायची. मी सांगणार ती दुसऱ्याला. आणि मी कशाला सांगतोय?"

त्यांनी नाक ओढलं. मांजर पिशवीला घासू लागलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. पलीकडे काकींचे हात पुन्हा पदराबाहेर आले होते. ते पाहून काका पायरीवरच सरकले आणि त्या दोघींकडे पाठ करून बसले, आपल्याला त्यांचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून.