एकोणीस बोटं

विमान पळवल्याच्या प्रकरणाला सव्वीस वर्षं झाली. या काळात तपासात भरीव प्रगती झाली. फाईल एका कपाटात मावत होती, ती तीन कपाटांत गेली.

प्रकार तसा साधा होता. वायर गुंडाळलेला एक डबा हातात घेऊन एक माणूस विमानात उभा राहिला आणि म्हणाला, "मला मधे उतरायचंय." विमान एका ओसाड धावपट्टीवर उतरवलं गेलं. तो उतरला, हवाई सुंदरीला थँक्यू म्हणाला आणि चालत निघून गेला. एक्केचाळीस जणांनी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यामुळेच तो सापडला नाही. दातांच्या डॉक्टरांच्या मते तो उंच आणि दाढीवाला होता. त्यांच्या शेजारच्या बाईंच्या मते बुटका आणि गुळगुळीत. हवाई सुंदरीला त्याचे घारे डोळे आठवत होते, तर पायलटला त्या डोळ्यांवरचा काळा चष्मा. तिघांनी ती बाई होती असं लिहून दिलं. त्यातल्या एकानं तर थेट आपल्या मेहुणीचंच वर्णन केलं.

आठवणी शिळ्या होऊ नयेत म्हणून तपास विभागानं एक पद्धत पाडली. दर वर्षी त्या तारखेला साक्षीदारांना बोलवायचं, त्यांचा जुना जबाब त्यांनाच वाचून दाखवायचा आणि 'आठवण कायम' असा शिक्का मारायचा. हे काम हजेरीमास्तरकडे होतं. तो कारकून. साक्षीदारांची हजेरी घेतो म्हणून हजेरीमास्तर. त्याचं खरं नाव विचारायची कुणाला गरज पडली नव्हती. बारा वर्षं तो प्रत्येकाच्या समोर बसून, डोळ्यांत डोळे घालून, जड आवाजात वाचत आला होता, "तेव्हा तो माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मला मधे उतरायचंय."

यंदा त्या तारखेला साक्षीदारांबरोबर एक आजोबाही आले. हातात डबा. डब्याला गंजलेली वायर.

"मीच तो," आजोबा विभागाच्या साहेबांना म्हणाले. "आता फार दिवस उरले नाहीत. मनावर ओझं घेऊन जायचं नाही म्हटलं."

"असं कुणीही येऊन कबूल करेल," साहेब म्हणाले. "ओळखपरेड झाल्याशिवाय आम्ही कुणाला गुन्हेगार मानत नाही."

ओळखपरेडला नियमानं सहा माणसं लागतात. आजोबा, वॉचमन, ड्रायव्हर, लिफ्टमन आणि कँटीनवाला धरून पाच झाली.

"मास्तर, जरा रांगेत उभे राहा."

"मी, साहेब?"

"घाबरता कशाला? नुसती संख्या पुरी करायचीय."

एक्केचाळीसपैकी एकोणीस साक्षीदार उरले होते. पहिले दातांचे डॉक्टर आले. आजोबांनी सोयीसाठी डबा जरा वर धरला. डॉक्टर त्यांना ओलांडून पुढे गेले आणि मास्तरसमोर थबकले.

"हाच. हा चेहरा मी जन्मात विसरणार नाही."

हवाई सुंदरी आता चार नातवंडांची आजी होती. तिनं आवाज ऐकायला मागितला. मास्तरला ते वाक्य म्हणायला लावलं. वाक्य संपायच्या आत तिनं बोट रोखलं.

"मी पण म्हणून दाखवू का?" आजोबांनी विचारलं.

"तुम्ही मधे बोलू नका," साहेब म्हणाले.

एकोणीस बोटं मास्तरवर रोखली गेली. विभागाच्या इतिहासातलं हे पहिलं एकमत. साहेबांचे डोळे पाणावले.

"साहेब, मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. चौथीत होतो हो."

"वयाबद्दल साक्षीदारांत पहिल्यापासून मतभेद आहेत, मास्तर. चेहऱ्याबद्दल आता नाहीत."

"माझ्याकडे शाळेचा दाखला आहे."

"शाळा एक. बोटं एकोणीस."

मास्तरची आई धावत आली. "त्या दिवशी याला गोवर आला होता. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता."

"कुठला वार, मावशी?"

"बुधवार."

"विमान गुरुवारी पळवलं."

"मग गुरुवारच असेल."

"बघा, जबाब बदलताय." साहेबांनी तसं लिहून घेतलं. आई गोंधळून लेकाकडे वळली. "गोवरच होता ना रे? का कांजिण्या होत्या?"

मग मास्तरची कसून चौकशी झाली. सीटांचा रंग, हवाई सुंदरीच्या रुमालावरचे ठिपके, पायलटला कितव्या मिनिटाला शिंक आली, सगळं त्यानं न चुकता सांगितलं. बारा वर्षं तेच वाचत आला होता तो.

"एवढं फक्त आतल्या माणसालाच माहीत असतं," साहेब म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मास्तरनं वाद घालणं सोडून दिलं. "साहेब," तो हळूच म्हणाला, "खिडकीतून खाली ढग दिसत होते, असं वाटायला लागलंय मला." जन्मात तो कधी विमानात बसला नव्हता.

आजोबांनी डबा टेबलावर आपटला. "अरे, पोराला सोडा. मी जिवंत आहे ना अजून?"

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "या वयात असं होतं, आजोबा. आठवणींवर फार विसंबू नये." आजोबांना त्यांचा डबा परत देण्यात आला आणि सरकारी वेळ वाया घालवल्याबद्दल समज देण्यात आली.

आता अडचण एवढीच आहे की ओळखपरेडच्या फॉर्मवर सह्यांचे रकाने वीस आहेत. एक जरी रिकामा राहिला तरी कागद परत येतात आणि मास्तर आईकडे घरी जातो. साहेब विसावा साक्षीदार शोधतायत, आणि तुम्ही चालाल. प्रकरण तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे. मास्तरला रांगेत उभं राहिलेलं तुम्हीही पाहिलंत. त्याला मिशी होती ना? मागे जाऊन शोधू नका, तिथे मिशीबद्दल एक अक्षर नाही. पण तुम्हाला ती दिसली होती. किंवा नव्हती, हे तुम्हाला पक्कं आठवतंय.

दोन्ही चालतं. सही इथे करा.