म्हापशाचं मखर

हायवेवर अपघात झाला की धारगळचे लोक जखमींना उचलायला धावतात. आमचे शेजारी शाबीकाकाही धावतात, जखमीला गाडीत घालतात आणि मग परत येऊन टेललाइटच्या फुटक्या लाल काचा वेचतात. एकदा पोलिसाने हटकलं, तर त्याच्यावरच खेकसले, "चवथ तोंडार इली, आनी तू माका कायदो शिकयतंस?"

त्या काचा गणपतीच्या मखरात जातात. लग्नपत्रिकांची सोनेरी वेलबुट्टी, मोडक्या छत्रीच्या काड्या, केरीच्या किनाऱ्यावरची बियरची बुचं, सगळं जातं. बुचांवरून भटजींनी नाक मुरडलं, तर काका कडाडले, "बूच कधी पियाक नाय, भटांनू! पियालो तो माणूस!" भटजी चहा न पिताच उठले.

विकतच्या आराशीचा त्यांना मस्तकशूळ. एका चवथीला मी म्हापशाहून फोमचे सोनेरी मोर आणले आणि मोठ्या हौसेने काकांना बघायला बोलावलं. ते दारातूनच गरजले, "देव पुजलंस काय दुकानात डिस्प्लेक ठेवलंस? पैशे दिवन हाडतत तो माल. आरास न्हय!" माझे पाहुणे अर्धी खाल्लेली नेवरी हातात धरून बघत राहिले.

त्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून काकांचं मखर पोचवायची हमाली माझ्याकडे आली. कारण काकांच्या स्वतःच्या घरी गणपतीच नसतो. तो लाटंबार्शाला, मूळ घरात, थोरल्या गुणाजीभाऊंकडे. काजूच्या बागेच्या वाटणीवरून भावाभावांत तंटा झाला आणि काका ते घर सोडून धारगळला आले. "बोलावणां येयसर पाय ठेवचंय नाय!" बोलावणं आलं नाही. मखर मात्र दर वर्षी जातं, तेही तंबी देऊन. "म्हापशाक इकत घेतलंय म्हणून सांग. माझा नाव घेतलंस तर तंगडी मोडीन!"

आता मला धड खोटंही बोलता येत नाही. पहिल्या वर्षी भाऊंनी विचारलं, "तू कित्या हाडलंस?"

"नवस होता."

"कसलो?"

"म्हैस व्यायली."

माझ्याकडे म्हैस नाही. कधीच नव्हती. भाऊंनी मखर उचलून आत नेलं.

यंदा काकांनी टेबलफॅनच्या जाळीची प्रभावळ केली होती. भाऊंनी ती उतरवून घेतली आणि माझ्या हातात एक गोणी दिली. आत वर्षभराच्या लग्नपत्रिका, बुचं, जुन्या लुगड्याचे काठ. "म्हापशाच्या त्या दुकानदाराक दी."

माझं खोटं उघडं पडलं होतं. "भाऊ, एवढं ठाऊक आहे, तर त्यांना एकदा बोलवा ना!"

झालं, भाऊ भडकले. "बोलवू? बोलावणां पावण्यांक करतत! घरच्या गणपतीक घरच्या माणसाक बोलावणां धाडलंय, म्हणजे तो परको झालो मरे! तां माझ्या तोंडातसून येवचा नाय. सांग त्याका!"

मी येऊन सांगितलं. काकांनी गोणी अंगणात उपडी केली आणि पेटलेच. "ह्यां बघ! पत्रिका दुमडून भरल्यान, सोनां झडलां. अक्कल नाय गुणोक, ल्हानपणापासून नाय!" तोंडाने शिव्या चालू आणि हाताने एकेक पत्रिका मांडीवर घेऊन सपाट करणं चालू. लुगड्याचा काठ हाती आला, तेव्हा शिव्या थांबल्या.

"आवशीचो," एवढंच म्हणाले आणि आईच्या लुगड्याचा तो काठ मांडीवर पसरला.

मग एकदम माझ्यावर उखडले. "आनी मखर बांधल्यान खंयच्या खिळ्याक? उजव्या? तो सैल असा! देवाच्या माथ्यार पाडतलो तो गाढव!" पक्कड खिशात कोंबली आणि दार आपटून माझ्या गाडीत बसले. लाटंबार्शापर्यंत भावाचा उद्धार अखंड.

गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला आलेल्या शेजाऱ्यांच्या चपला ओट्याखाली रांगेत होत्या. काकांनी आपल्याही त्या रांगेच्या टोकाला काढल्या. इतक्यात आतून भाऊंचा आवाज फुटला, "शाब्या, चपला भितर घी! घरचो माणूस भायर काढता काय?"

वाकून काकांनी चपला उचलल्या आणि आत गेले.