सेवकराम मामांची डबल बेल

सेवकराम मामांच्या घरी जाणं सोपं आहे, तिथून निघणं अवघड. त्यांच्या ओट्यावरच्या आड्याला एक पितळी घंटी टांगलेली आहे. तिला बांधलेली सुताची दोरी ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आहे. पाहुणा उठला की मामा आधी त्याच्या चपला पाहतात, मग पिशवी, मग सोबतची लेकरं मोजतात. सगळं जुळलं की दोरी दोनदा ओढतात. टण टण. मग निघायचं. त्याआधी कोणी पायरी उतरलाच तर एक टोला पडतो, आणि एक टोला म्हणजे जागच्या जागी थांबायचं. आमचे सरपंच एकदा असे एक पाय चपलेत आणि एक पाय हवेत घेऊन उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

मामा बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली, पण नोकरी काही अंगातून उतरली नाही. खाकी शर्ट अजून तोच. खांद्याला चामड्याची पिशवी अजून तीच, फक्त तिकिटांच्या जागी आता सुपारी आणि चष्मा असतो. लग्नाच्या पंगतीत ते रांगेमधून फिरत ओरडतात, "सरका, मधात जागा खाली हाय!" आणि जेवणारी माणसं पत्रावळीसकट सरकतात. कोणाच्या मातीला गेले तरी माणसं मोजतात. एकदा स्मशानातून परतताना एक जण कमी भरला म्हणून त्यांनी अख्खा गाव वाटेत थांबवला. पाऊण तासानं लक्षात आलं, जाताना त्यांनी तिरडीवरचाही धरला होता.

"सीट मोजल्याबिगर गाडी नाई हालत," हे त्यांचं वाक्य. गावातल्या पोपटाला बोलता येत असतं तर त्यानंही म्हटलं असतं.

आमचं गाव कोहमाऱ्यापासून आत, जंगलाच्या कडेला. मी इथली अंगणवाडी सेविका. पण मामा मला माहेरापासून ओळखीचे. आमच्या माहेरच्या फाट्यावर सकाळची बस त्यांचीच यायची. लग्न होऊन या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात पाणी भरताना समोर हा खाकी शर्ट. मी पदर जरा पुढे ओढला आणि हंडा उचलून निघाले. का, ते पुढे सांगते.

मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला, त्याचा रविवारी फोन येतो. बाकी सहा दिवस मामा आणि घंटी. त्यात त्यांनी एक काम स्वतःहून ओढवून घेतलं आहे. दरवर्षी गावातल्या आठवीच्या मुलांना शिष्यवृत्ती परीक्षेला तालुक्याच्या गावी ते नेतात. त्यांना कोणी सांगितलेलं नाही, नको म्हटलेलंही कोणाचं चाललेलं नाही.

यंदा सात मुलं होती, त्यात आमची लेक खुशी. पहाटे पाचला मामा दारात हजर. "उठली का? पॅड? दोन पेन? ओळखपत्र? संडास?" शेवटच्या प्रश्नानं खुशी लाजून आत पळाली. मामांचं म्हणणं असं की परीक्षेच्या दिवशी गाडी याच एका कारणानं चुकते. सातही घरांसमोर हीच चौकशी झाली. जीप फाट्यावर आली, सातही जण बसले, तरी मामा दार लावू देईनात. सहा वेळा मोजलं. ड्रायव्हर वैतागला, "मामा, सातच तर हाय, कायले मोजून राहिले?" मामा म्हणाले, "तू चालवाचं पाहाय. मोजाचं मी पाहातो." मग पायरीवर उभं राहून त्यांनी दोन बाजूंच्या शेतांकडे नजर टाकली. कोणीतरी बांधावरून पळत येत असेल, तसं.

परीक्षा झाली आणि खरी परीक्षा सुरू झाली, ती आईबापांची. खुशीचा नंबर लागला तर तिला नववीपासून गोंदियाला वसतिगृहात ठेवायचं, नाही लागला तर तिच्या मोठ्या काकूकडे शिवणकामाला पाठवायचं, असं सासूबाईंनी जाहीर करून टाकलं होतं. मोठी काकू चांगली आहे, शिवणकामही वाईट नाही. पण खुशीला नकाशे आवडतात. चुलीच्या भिंतीवर तिनं कोळशानं नद्या काढून ठेवल्या होत्या, आणि त्या नद्या पुसायची माझी हिंमत नव्हती.

मोबाइलची रेंज आमच्या गावात एकाच ठिकाणी येते, मामांच्या ओट्यावर, घंटीच्या बरोबर खाली. त्यामुळे रोज संध्याकाळी सात कुटुंबं तिथं. "आज चार वाजता लागणार." "उद्या पक्का." "माझ्या साळ्याचा साळा शिक्षण खात्यात हाय, तो म्हणाला सोमवार." सोमवार असे चार येऊन गेले. एका आजीनं निकाल लागेपर्यंत वांगी सोडली. वांगी तिला आधीही आवडत नव्हती, पण बोलणार कोण!

मग एका दुपारी, मामा आत झोपलेले असताना, ओट्यावर आमच्या ह्यांच्या मोबाइलवर यादी आली. ह्यांनी नंबर पाहिला, शेवटचे तीन आकडे चारशे सतरा, खुशीचेच! हे चप्पल न घालता कोहमाऱ्याला गेले, तिथल्या हॉटेलातून दोन किलो जिलेबी आणली आणि गावभर वाटली. संध्याकाळी शाळेतल्या बाईंनी ती यादी पाहिली आणि विचारलं, "अहो, हे तर दुसऱ्याच जिल्ह्याचं आहे ना?" पुढचे सगळे आकडे वेगळे होते. तोवर जिलेबी गावाच्या पोटात गेली होती. पाक चाटता चाटता माणसं आमच्याकडे दयेनं पाहू लागली. ह्यांनी तीन दिवस घराबाहेर तोंड काढलं नाही. आता पोरगी खरोखर नापास झाली तर काय, हा प्रश्न आमच्या घरात कोणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

जिलेबी न खाणारा गावात एकच माणूस निघाला. मामांनी आपल्या वाट्याची जिलेबी कागदात गुंडाळून चामड्याच्या पिशवीत ठेवली. "तिकीट तपासल्याबिगर मी नाई खात," म्हणाले.

खरा निकाल लागला तो एका बुधवारी सकाळी, कोणीही भाकीत केलं नसताना. ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. यादी माझ्या मोबाइलवर उतरली. मी नंबर टाकून शोधणार, तोच मामांनी मोबाइल काढून घेतला.

"सर्च नाई कराचं. सर्चमंधी सीट सुटते."

"मामा, एका सेकंदात दिसेल!"

"माह्या गाडीत पहिल्या सीटपासून तपासणी होते."

त्यांनी चष्मा लावला, खुशीची कंपासमधली पट्टी मागून घेतली आणि पडद्यावर आडवी धरली. पहिल्या पानावरचा पहिला नंबर वाचला. मग दुसरा. तालुक्यातल्या ज्या मुलांना आम्ही उभ्या जन्मात पाहिलं नाही, त्यांचे नंबर आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. पट्टी लागून पान वर सरकलं की मामा पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई देवाचं नाव घेत होत्या आणि मध्येमध्ये मामांना शिव्या. सातही मुलांचे नंबर मामांना तोंडपाठ होते. त्यातला एक आला की ते नुसती मान हलवायचे आणि त्या घरातून किंकाळी उठायची.

"चारशे नऊ. चारशे बारा. चारशे चौदा." मामा थांबले. चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला.

"मामा!" हे ओरडले. "जीव घेता का आता?"

"धूळ हाय गा." चष्मा परत चढला. "चारशे सोळा." पट्टी एक रेघ खाली आली. "चारशे सतरा."

हे मटकन खाली बसले. खुशीनं मला कमरेला इतकं घट्ट धरलं की मला रडायलाही नीट जमेना. सासूबाई म्हणाल्या, "मी तर पह्यलेच म्हणत होती, गोंदियाले पाठवा म्हणून." त्या दिवशी मी त्यांना तेही माफ केलं.

मामा मात्र वाचतच राहिले, शेवटच्या पानावरच्या शेवटच्या आकड्यापर्यंत. सातातले सहा नंबर आले. कुंदाचा नव्हता. पेढ्यांचा डबा उघडला तेव्हा मामांनी पहिला पेढा तिच्या हातावर ठेवला. "एक गाडी चुकली बेटा. रस्ता नाई चुकला. दहावीले अजून एक गाडी हाय, मी बसवून देतो." कुंदानं नाक पुसलं आणि आधी अर्धा, मग उरलेला अर्धा खाल्ला. मगच मामांनी सगळ्यांना मोजलं आणि डबल बेल दिली. फटाके फुटले.

ओटा रिकामा झाला. मी मोबाइल घ्यायला मागे राहिले होते. मामांनी पिशवीतून ती जिलेबी काढली. पंधरा दिवसांत तिचा दगड झाला होता. त्यांनी ती दाढेखाली धरली, कटकन आवाज झाला, जिलेबीचा की दाढेचा कळलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "आता तरी मले माफ केलं म्हणा."

 मला वाटत होतं त्यांनी मला ओळखलेलं नाही.

"तुमच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या दिवशी फाट्यावर मास्तरनं सांगतलं होतं, दोन मिनिटं थांबा, एक पोरगी येऊन राहिली. माह्या गाडीचं टायमिंग म्हणजे घड्याळ, असा रुबाब होता मले. डबल बेल देली. मागच्या काचेतून पाह्यलं तर तुमी बोरीखाली उभ्या. लाल रिबिनी. पॅड काखेत. तोंड पुसून राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तुमचे बाबा भरल्या गाडीत म्हणाले, माह्या पोरीची शिष्यवृत्ती खाल्ली तुमी. ते काही खोटं नोहोतं."

तीसेक वर्षं झाली होती त्याला. तीस वर्षं हा माणूस पायरीवर उभा राहून शेतातून कोणी पळत येतंय का, ते पाहत होता. आणि मी याच गावात, चार घरांपलीकडे, पदर पुढे ओढून चालत होते. मला इतकी लाज वाटली की वाटलं तसंच निघून जावं. पण माझी डबल बेल झाली नव्हती.

"मामा," मी म्हणाले, "मी मुद्दाम थांबली होती."

त्यांनी जिलेबी तोंडापासून खाली घेतली.

"गणिताची भीती वाटत होती मले. गाडी आलेली दिसली, मास्तर हात करून राहिले होते, तेही दिसलं. मी बोरीखाली बसून बोरं खाल्ले. गाडी गेल्यावर तोंड पुसलं. घरी जाऊन रडली आणि सांगतलं, कंडक्टरनं गाडी सोडली. बाबाले खरं कधीच नाई सांगतलं. तुमाले तरी सांगाले पाह्यजे होतं."

मामा हातातल्या जिलेबीच्या तुकड्याकडे पाहत होते. ते रागावतील असं वाटलं, आणि रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"बोरं गोड तरी होते का?" त्यांनी विचारलं.

"आंबट होते, मामा."

आणि मामा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. खाकी शर्टाच्या टोकानं ते डोळे पुसत होते आणि "आंबट बोरं, आंबट बोरं" म्हणत होते. मी हसत होते की रडत होते, मलाच ठाऊक नाही.

मी निघाले. पायरीपाशी सवयीनं थांबले. मामांनी माझ्या चपला पाहिल्या, हातातला मोबाइल पाहिला, आजूबाजूला कोणी राहिलं नाही ना तेही पाहिलं. मग दोरी सोडून माझ्या हातात दिली.

"आज तुमी द्या."

मी दोनदा ओढली.