पसारा वाचणारे नाना

आमचा कुकर फुटला तेव्हा सगळ्यात आधी धावत आले शेजारचे नाना. कुणाला भाजलं नाही ना, एवढं विचारलं आणि मी फडकं उचलताच ओरडले, "पुसू नका!" मग स्टुलावर चढून छतावरची डाळ टेपनं मोजू लागले. चांगला तासभर! सासूबाई तिकडे उपाशी. शेवटी निकाल लागला: शिट्टीत टोमॅटोचं साल अडकलं आणि झाकण आधी खिडकीकडून उचकटलं.

"बठ्ठं आठेच शे, ताई, सगळं इथंच! फुटताना कोणी पाहत नाही. पसारा सांगतो."

अमळनेरच्या शाळेत नाना फिजिक्स शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून फुटलेल्या ताऱ्यांच्या मागे लागलेत. दुर्बिणींनी काढलेले फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे आणि हजारो वर्षांपूर्वी एवढा थोरला तारा कसा फुटला, ते विखुरलेल्या वायूवरून शोधायचं. जास्त माल एकीकडे उडाला की गाभा उलट दिशेला फेकला जातो म्हणे.

हे आम्हाला भरीत पार्टीत कळलं. वांगं टोचून मगच भाजायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. नानांनी मुद्दाम एक न टोचता काड्यांच्या जाळात सारलं. फट्! गर आमच्या ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, देठ पार पलीकडे. हे लालबुंद, आणि नाना खूश. "पाहा, गाभा उलट गेला! भाऊ, सदरा पुसू नका!"

त्याच पार्टीतून नाना दरवर्षी भरताचा एक डबा दोंडाईच्याच्या एसटीत कंडक्टरच्या हाती देतात. तिकडे त्यांची लेक असते, सुजाता. तिनं स्वतःच्या मनानं लग्न ठरवलं, तेव्हा नानांनी तिला एक शब्द बोलू दिला नाही. "टोचायचंच राहिलं, ताई," एकदा म्हणाले. "तिच्या आत किती साचलंय, कळलंच नाही मला." ती निघून गेली, त्याला सहा वर्षं झाली. डबा परत येतो लख्ख घासून. ना चिठ्ठी, ना फोन. तरी नाना तो उन्हात धरून आत बघत बसतात. जीव तुटतो हो बघताना.

यंदा डबा आला तो चक्क खरकटा. माझं डोकंच फिरलं. बापाचा डबा साधा विसळूनही पाठवू नये? तणतणत मी तो नळाखाली धरला, तोच नानांनी माझं मनगट पकडलं.

डब्याच्या आत भरताचे ओरखडे होते, चार इवल्याशा बोटांचे.

नानांनी टेप काढली. एकेक ओरखडा मोजला. "तीन वर्षांचं असेल," म्हणाले. "मला कोणी सांगितलंच नाही."

"पण निदान घासायचा तरी तिनं!" मी म्हटलं.

"मनीच पोर शे ती, ताई, माझीच," नाना डोळे पुसत हसले. "मला वाचता यावं म्हणून तिनं पुसलं नाही."