नमस्कारांचा घेर

"पोट वाढलं," कुसुम म्हणाली.

वेणीमाधव गर्गे यांनी दचकून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"तुमचं नाही हो सर. लोकांचं. नमस्कार वाढले, तसं पोट वाढलं. कॉम्प्युटर म्हणतोय."

१९८७ साल होतं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये चपला बाहेर काढूनच आत जावं लागे. आत एसीच्या गारव्यात मशीन होतं आणि ते चालवणारी कुसुम साळवे होती. आकडे भरले की संख्याशास्त्राचा प्रोग्रॅम काही मिनिटांत निष्कर्ष काढून देई.

गर्गे कॉलेजात व्यायामाचे प्राध्यापक होते, पण तीन वर्षांपासून तात्पुरते. परवा विद्यापीठाचे एक तज्ज्ञ त्यांचा निबंध ऐकायला येणार होते. त्यांना पसंत पडला तर गर्गे कायम, नाही तर जूनपासून घरी. विषय होता 'सूर्यनमस्कार आणि कंबरेचा घेर'. नाशिक, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंत इथल्या तीनशे जणांकडून त्यांनी छापील प्रश्न भरून घेतले होते, टेप लावून कंबरा मोजल्या होत्या. नमस्कार जास्त तिथं घेर कमी, हे सिद्ध होणार याबद्दल त्यांना शंकाच नव्हती.

"परत चालवा."

"तीनदा चालवला सर. सहसंबंध अधिक शून्य पॉइंट सात."

"उणे असेल. चिन्ह नीट उमटलं नसेल."

"प्रिंटरची रिबीन कालच बदललीय."

गर्गे मान खाली घालून बाहेर पडले. जिना अर्धा उतरले आणि तिथंच थबकले. मग दोन-दोन पायऱ्या ओलांडत परत वर आले.

"कुसुमताई, हे आजवर कुणालाच सापडलेलं नाही! व्यायामानं भूक वाढते, भुकेनं जेवण वाढतं, जेवणानं पोट! शोध आहे हा, शोध!"

"सर, चपला."

संध्याकाळी प्राचार्य बाळाजी वैशंपायन यांनी तो भोकाभोकांचा लांबलचक कागद टेबलावर पसरून वाचला.

"म्हणजे मी वर्षानुवर्षं रोज बारा घालतोय, ते…"

"दुर्दैवानं हो, सर."

"तरीच!" प्राचार्य उठून उभे राहिले. "उद्यापासून बंद! गर्गे, सभागृह भरलं पाहिजे. वर्तमानपत्रांना कळवा!"

बातमी कुणाच्याही आधी वसतिगृहाला कळली. दुसऱ्या दिवशी पहाटे एकही मुलगा मैदानावर आला नाही. 'आम्ही संशोधनाचा आदर करतोय सर,' असा निरोप त्यांनी पांघरुणातूनच पाठवला.

गर्गे पुन्हा सेंटरवर धावले. "यातला सगळ्यात मोठा आकडा कुणाचा?"

कुसुमनं कळा दाबल्या. "कोंडाजी मोगल, पिंपळगाव बसवंत. कांद्याचे व्यापारी. रोज चारशे नमस्कार, कंबर अठ्ठेचाळीस इंच."

"चारशे! या माणसाला स्टेजवर आणायचं."

"सर, एवढे घालायला वेळ कधी मिळतो, ते तरी विचारा आधी."

"तपश्चर्येला वेळ विचारत नाहीत, कुसुमताई!"

ठरल्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. पुढच्या रांगेत विद्यापीठाचे तज्ज्ञ वही उघडून बसले होते. कोंडाजी आपल्याच टेम्पोतून आला. पांढरंशुभ्र धोतर, कडक टोपी आणि या दोन्हींच्या मधे ते अठ्ठेचाळीस इंच. स्टेजवर सतरंजी अंथरली होती.

"कोंडाजीराव, रोज चारशे. खरं ना?" गर्गे यांचा आवाज आनंदानं चिरकला.

"बाजाराच्या दिवशी लय जास्त व्हतात."

टाळ्या.

"थकवा येत नाही?"

"थकवा कसला? हात तेवढे अवघडतात."

तज्ज्ञांनी वहीत टिपून घेतलं.

"मग आता करून दाखवा."

"इथं? कोणाला?"

"सगळ्यांना!"

कोंडाजी सतरंजी ओलांडून स्टेजच्या कडेला आला. त्यानं हात जोडले, पुढच्या रांगेवरून नजर फिरवली आणि सुरुवात केली. "नमस्कार सायेब. नमस्कार ताई. नमस्कार, नमस्कार. राम राम मास्तर." तो मधेच थांबून गर्गेंकडे वळला. "राम राम धरायचा का यात?"

गर्गे यांनी सतरंजीकडे बोट दाखवलं.

"अहो, सूर्यनमस्कार!" गर्गे ओरडले.

"सूर्याचं कुठं लिवलं व्हतं? 'रोज किती नमस्कार करता', एवढंच इचारलं तुम्ही. मी मार्केट कमिटीच्या इलेक्शनला उभा हाय. दिसंल त्याला हात जोडतो. आता त्यात सूर्य बी धरायचा तर एक वाढवा."

गर्गे यांना प्रश्न छापायला कापलेलं स्टेन्सिल आठवलं. ओळ मावत नव्हती, म्हणून 'सूर्य' त्यांनी स्वतःच्या हातानं गाळला होता. सगळ्यांना कळेलच की, असं वाटलं होतं.

तज्ज्ञ उठून उभे राहिले. "गर्गे, म्हणजे तुमची आकडेमोड चुकली?"

चुकली म्हटलं असतं तर दोष मशीनवर गेला असता. तिसऱ्या रांगेतून कुसुम त्यांच्याकडे पाहत होती.

"नाही सर," गर्गे म्हणाले. "आकडेमोड चोख आहे. प्रश्न मी चुकीचा विचारला."

"आणि या तीनशेंत जास्त नमस्कारवाले कोण?"

गर्गे यांनी कागद उलगडला. "व्यापारी. पुढारी. विमा एजंट. पंचवटीतले काही उपाध्ये. आणि कमी म्हणजे, द्राक्षाच्या मळ्यातले मजूर. दिवसाला दोन-तीन. कंबर अठ्ठावीस."

तज्ज्ञांचं हसू आधी कोटाच्या बटणांत हललं, मग चेहऱ्यावर आलं. "वीस वर्षं निबंध ऐकतोय. चुकून का होईना, खरं काहीतरी सापडलेला हा पहिलाच. कायम करा यांना."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात कोंडाजीनं वाजवल्या.

"एक अट आहे," तज्ज्ञ म्हणाले. "पुढच्या खेपेला उलटा प्रश्नही घाला. तुम्हाला रोज किती लोक नमस्कार करतात? तो आकडा आणि कंबर, दोन्ही शेजारी मांडा."

सगळं सभागृह एकाच वेळी प्राचार्यांकडे वळलं. प्राचार्यांनी श्वास आत ओढून धरला होता.

सोमवारी गर्गे यांना कायम केल्याचा हुकूम निघाला. त्याच दिवशी फळ्यावर प्राचार्यांच्या सहीची सूचना लागली: 'विद्यार्थ्यांनी यापुढे प्राचार्यांना नमस्कार करू नये. गुड मॉर्निंग म्हणावे.'