भालोबाच्या जीपचा जाड दांडा

एका जंगलात एक जीप होती. जंगल सह्याद्रीतलं होतं की सातपुड्यातलं, हे मला आता नीट आठवत नाही. जीप हिरवी होती असं मी मागे कुणाला तरी सांगितलं होतं, पण तेही चुकीचं असू शकेल. एवढं मात्र नक्की, की ती भालोबा नावाच्या अस्वलाची होती आणि बाजारच्या दिवशी सगळ्या जनावरांना तळ्याकाठी घेऊन जायची.

मुलांनो, त्या रस्त्याला खड्डे होते. पण ते एकाच कडेला होते, कारण हत्ती त्या कडेने चालत. बाजाराला जाताना खड्डे डाव्या हाताला येत. म्हणून मोठी जनावरं उजवीकडे बसत आणि ससे डावीकडे. परतताना खड्डे उजव्या हाताला येत. तेव्हा सगळे न सांगता जागा बदलत. याला त्या जंगलात शिष्टाचार म्हणत.

सशांमध्ये चिंगूताई नावाची एक सशीण होती. तिचा मागचा पाय अधू होता. बाजारात कंदमुळं विकून तिचं घर चालायचं. जीपमधली जागा गेली तर बाजार गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे डोकं टपाच्या सळईला आपटलं तरी ती म्हणायची, इकडून वारा छान येतो.

अडचण होती ती वळणाची. तिथे जीप अशी कलायची, की उजवीकडचे सगळे डावीकडे घसरत. एकदा खुद्द आईसाहेब, म्हणजे राजाची आई, थोरली वाघीण, चिंगूताईच्या अंगावर आल्या. चिंगूताईच्या बरगड्या कशा वाचल्या, याची चौकशी झाली नाही. आईसाहेबांना सशाच्या अंगावर पडावं लागलं, याची झाली.

दिवाण होता कोल्हा. त्याने भालोबाला बोलावून बजावलं, की पुन्हा असं घडलं तर ससे जीपमधून कायमचे बंद.

"पण दिवाणजी," भालोबा म्हणाला, "ससे नसले तरी आईसाहेब पडतीलच की."

"पडतील. पण रिकाम्या जागेवर पडतील. त्याला विसावणं म्हणतात."

भालोबाला चिंगूताईची काळजी वाटली. तो जीपखाली शिरला.

गाडीच्या पोटाखाली एक पोलादी दांडा असतो. तो डाव्या चाकाला उजव्या चाकाशी जोडतो आणि वळणावर गाडीला फार कलू देत नाही. त्याला स्वे बार म्हणतात. मी हे दोनदा वाचलं आहे, तरी तुम्ही एखाद्या मोटारवाल्याला विचारून घ्या. भालोबाच्या जीपचा दांडा करंगळीएवढा होता. त्याने तो काढून मनगटाएवढा बसवला.

पुढच्या बाजाराला वळण आलं. जीप ताठ. आईसाहेबांची मिशीसुद्धा हलली नाही. ही कल्पना मुळात आपलीच, असं दिवाणाने मागे वळून सगळ्यांना सांगितलं. आपली जागा वाचली म्हणून चिंगूताईने डोळे मिटून हात जोडले.

ते हात जोडलेले असतानाच खड्डे लागले.

जाड दांड्याचा एक स्वभाव असतो. एका चाकाला जे लागतं, ते तो दुसऱ्या चाकाला कळवतो. बारीक दांडाही कळवायचा, पण हळू आवाजात. आता डावं चाक खड्ड्यात गेलं आणि उजव्या बाजूलाही तसाच दणका बसला. आईसाहेबांचं डोकं सळईला आपटलं. मग दिवाणाचं. जीप थांबवण्यात आली.

"हे काय होतं रे?" आईसाहेबांनी विचारलं.

"खड्डा, आईसाहेब," भालोबा म्हणाला.

"कधीपासून आहे?"

चिंगूताई म्हणाली, "माझ्या आजीच्या आधीपासून."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"बोलत होतो की. पण तुमच्या बाजूला इतकं सुखाचं होतं, तुमचा डोळा लागलेला असायचा."

दिवाणाने जुना दांडा परत बसवायचा उपाय सुचवला. म्हणजे मी पुन्हा सशावर पडू का, असं आईसाहेबांनी विचारलं. दिवाणाने बराच वेळ विचार केला. जाड दांडा ठेवावा तर सशांचा खड्डा आईसाहेबांना, आणि बारीक ठेवावा तर आईसाहेब सशांना. तिसरा मार्ग सापडेना, तेव्हा नाइलाजाने रस्ता दुरुस्त करायचा हुकूम निघाला.

हत्तींनीच मुरूम आणून टाकला आणि हत्तींनीच तो तुडवून बसवला. रस्ता दोन्ही कडांनी सारखा झाला. ससे नाचले. भालोबाच्या गळ्यात हार पडला.

पुढचं मी ऐकलं होतं, पण मला ते खरं वाटत नव्हतं. बऱ्याच वर्षांनी त्या भागातल्या माहीतगारांना विचारून खात्री करून घेतली. डावी बाजूही सुखाची झाल्यावर तिथे तरसांचे मामा आणि रानडुकरांच्या मेहुण्या बसू लागल्या. सशांना कुणी उतरवलं नाही. फक्त जागा उरली नाही. चिंगूताई शेवटपर्यंत बाजाराला लंगडत, चालत गेली. रस्ता इतका चांगला होता, की ती एकदाही ठेचकाळली नाही.

तात्पर्य : मुलांनो, आपल्या वाट्याचे खड्डे जपावेत. ते बुजले की तिथे मोठी मंडळी बसायला येतात.