परशरामअण्णा आणि सुरुवातीच्या स्क्रिप्टा

परशरामअण्णांच्या पुतणीला बघायला आलेला मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याच्या हातात पोह्यांची ताटली देत अण्णांनी विचारलं, "डेबियनमधी सुरुवातीच्या स्क्रिप्टा कुठं असतात?" मुलगा म्हणाला, "नेटवर बघून सांगतो." अण्णांनी भावाला आत नेऊन निकाल दिला, "पोरगं चांगलं हाय. पर चालू कसं व्हतंय ते त्येलाच ठावं न्हाय."

मच्छे गावातल्या एका कारखान्यात आम्ही दोघं संगणक सांभाळतो. संगणक चालू झाला की कोणती कामं आपोआप सुरू करायची, ते सांगणाऱ्या फायली म्हणजे या स्क्रिप्टा. लिनक्स या संगणकप्रणालीची डेबियनसारखी घराणी अनेक आणि प्रत्येकाची जागा निराळी. कुणी त्या इनिट-डी नावाच्या फोल्डरात ठेवतं, कुणी आरसी-डीत. सिस्टिमडी या नव्या पद्धतीवाल्यांनी तर वेगळाच संसार थाटलाय. अण्णांच्या शंभर पानी वहीत सगळ्यांचे पत्ते आहेत. एखाद्यानं जागा बदलली तर अण्णा जुना पत्ता खोडत नाहीत, शेजारी लिहितात, 'इथून गेले'. मग दिवसभर उदास. "सांगून तरी जायचं रं," म्हणतात.

या वहीची मी फार टिंगल केली. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

अण्णा कंग्राळी गावात म्हाताऱ्या आईसोबत राहतात. घरच्या जुन्या संगणकावर नवी प्रणाली घालून द्यायला मीच पुढं झालो. खरं सांगायचं तर मदतीपेक्षा मिरवायचं जास्त होतं. वहीवाचूनही जमतं, हे मला दाखवायचं होतं. "माझी एकच स्क्रिप्ट हाय, तेवढी सांभाळ," अण्णा म्हणाले. मी ती उचलून पूर्वीच्याच जागी ठेवली आणि हातानं चालवून पाहिली. स्पीकरमधून अण्णांचा आवाज आला, "आई, मी कामावर हाय. सहाला येतो. तू घरातच बस." मला हसू आलं. संगणक बंद करून पुन्हा चालू करून काही मी बघितलं नाही.

आईंना अलीकडं काही लक्षात राहत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला त्या लेकाला शोधायला दाराकडं निघतात. म्हणून दहाला संगणक आपोआप चालू व्हायचा आणि त्यांना थांबवायचा. दुसऱ्या दिवशी, सोमवारी तो चालू झाला, पण गप्प राहिला. नवी प्रणाली त्या जुन्या जागेकडं बघतच नव्हती.

दुपारी कारखान्यात अण्णांना शेजारणीचा फोन आला. आई बसस्टॉपवर उन्हात उभ्या होत्या, येईल त्या कंडक्टरला विचारत होत्या, "माझा परशा बघितलास काय रं?" शेजारणीनं त्यांना घरी आणलं होतं.

अण्णांच्या मोटारसायकलवरून आम्ही निघालो. मागं बसून मी म्हणालो, "अण्णा, चूक माझी हाय."

"बंद करून चालू केलतंस काय?"

"न्हाय."

त्यांनी कंग्राळीपर्यंत गाडी दामटली.

घरी अण्णा वहीतून नव्या प्रणालीचा पत्ता सांगत गेले, मी खाली मान घालून टाइप करत गेलो. मग ते उठले. "मी दिसलो तर ती गोंधळंल," म्हणून बाहेर गेले. मी संगणक बंद करून चालू केला.

आई पावटा सोलत होत्या. आवाज आला तशी त्यांनी स्पीकरकडं मान वळवली. "व्हय रं बाळा, बसतो घरातच. तू जेवलास काय?"

इतके दिवस त्या रोज उत्तर देत होत्या आणि त्या वेळी अण्णा रोज मच्छेला असायचे.

खिडकीबाहेरून हळूच अण्णांचा आवाज आला, "जेवलो, आई."

जेवणाचा डबा तसाच भरलेला, गाडीच्या हँडलला लटकत होता.